काढण्याआधी पाहा

नाशिकच्या ओपीडीत बाई दबक्या आवाजात सांगते, “डॉक्टर, अंगावर फार जातंय.” चिठ्ठीवर शब्द येतो, ‘हिस्टेरोस्कोपी’. ग्रीकमध्ये ‘हिस्टेरा’ म्हणजे गर्भाशय, ‘स्कोपेइन’ म्हणजे निरखणं. त्याच हिस्टेरावरून ‘हिस्टेरिया’ आला आणि बाईचं दुखणं मनाचे खेळ ठरलं. १८६९मध्ये पॅन्टालिओनी या डॉक्टरांनी रक्तस्राव न थांबणाऱ्या साठ वर्षांच्या बाईच्या गर्भाशयात नळीतून पाहिलं; आत पॉलिप दिसला. आज ३-४ मिलिमीटरची दुर्बीण पूर्ण भूल न देताही गर्भाशय आतून दाखवते, बाई त्याच दिवशी घरी जाते. २०१९मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या काढून टाकलेल्या गर्भपिशव्यांनी महाराष्ट्र हादरला. म्हणून या शब्दातला ‘पाहणं’ हा अर्थ मला मोलाचा वाटतो. पिशवी काढण्याआधी ती नीट पाहिली का, हे प्रत्येक बाईनं विचारावं.