ब्रेकचा इतिहास

मोटारीचा इतिहास सांगताना लोक वेगाचे आकडे सांगतात. आम्ही कामगार मंडळी आधी ब्रेककडे पाहतो.

1953 साली फ्रान्समधील ल मां येथे 24 तासांच्या शर्यतीत जग्वार गाडी पहिली आली. तिने सरासरी ताशी सुमारे 170 किलोमीटर वेग राखला. हे यश एकट्या इंजिनाचे नव्हते. तिला डनलॉपचे डिस्क ब्रेक होते. ड्रम ब्रेकमध्ये उष्णता कोंडते आणि पकड ढिली पडते. उघडी तबकडी वाऱ्याने लवकर निवते.

पुढे हा शोध साध्या मोटारींना व जीपांनाही लाभला. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात त्याचे मोल निराळे आहे. पावसाळ्यात नाल्याचे पाणी ड्रममध्ये शिरले की ब्रेक काही वेळ धरत नाही. तबकडीवरचे पाणी फिरता फिरताच उडून जाते.

परंतु नवा ब्रेक बसविला म्हणजे काम संपले, असे नव्हे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. असे तेल तापले की त्यात वाफ धरते आणि पेडल पोकळ जाते. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलावे. एअर ब्रेकच्या ट्रकमध्ये टाकीत साचलेले पाणी नेमाने काढावे.

शर्यतीतला चालक ब्रेक बिघडताच गाडी बाजूला घेतो. कोळशाचा किंवा लाकडाचा ट्रक हाकणारा मात्र खेप बुडेल, या भीतीने पुष्कळदा तसाच निघतो. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने कामाच्या तासांना मर्यादा घातली. ब्रेक नादुरुस्त असेल तर मजुरी न बुडता गाडी उभी ठेवता यावी, हीही मागणी तितक्याच तोलाची आहे. ती आपण सर्वांनी मिळून लावून धरली पाहिजे.