झाडाच्या सालीवरील सनद

सनद म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मोडी अक्षर, शिक्का आणि जीर्ण कागद उभा राहतो. ज्यांच्यापाशी कागद नाही त्यांचा हक्क नाही, अशी आपली समजूतच होऊन बसली आहे. ही समजूत पारखून घेण्यासाठी आज आपण ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्याकडे वळू.

आर्नहेम लँडच्या ईशान्य भागात योलङू हे आदिवासी राहतात. त्यांच्या कुळांचा मुलूख किनाऱ्यापाशी संपत नाही. खाडी, खडक, भरतीचे पाणी यांनाही कूळ आहे, नाव आहे, गीत आहे. १९६३ साली सरकारने यिरकालाजवळची त्यांची जमीन बॉक्साइटच्या खाणीसाठी काढून घेतली. तेव्हा त्यांनी आपला अर्ज झाडाच्या सालीवर चिकटवला, भोवती कुळचित्रे रंगवली आणि तो संसदेकडे धाडला. खाण थांबली नाही. १९७१ साली न्यायालयानेही त्यांचा दावा फेटाळला. पुढे १९७६ च्या कायद्याने जमिनीवरील हक्क मान्य झाला. समुद्राचा प्रश्न मात्र राहिलाच.

१९९६ साली ब्लू मड बे या उपसागराकाठी, चोरून मासेमारी करणाऱ्यांच्या तळावर मगरीचे कापलेले मुंडके सापडले. हे लोक ज्या माशासाठी आले होते, तो आपल्या रायगडकडचा जिताडाच होय. मगर ही तेथील कुळाची पूर्वज. ते स्थळही तिचेच पवित्र स्थान. जाम्बावा मारविली यांच्या पुढाकाराने ४७ चित्रकारांनी ८० सालींवर आपला समुद्र रंगवला. कोणते पाणी कोणत्या कुळाचे, हे त्यांनी जगापुढे मांडले. वाद न्यायालयांतून वर चढत गेला आणि ३० जुलै २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला: आदिवासींच्या जमिनीवर चढणाऱ्या भरतीच्या पाण्यात शिरण्यास केवळ सरकारी परवाना पुरेसा नाही, मालकांची अनुमती हवी. नॉर्दर्न टेरिटरीचा सुमारे ८० टक्के किनारा या निर्णयाखाली आला.

पण आम्हांस महत्त्वाची वाटते ती याहून साधी गोष्ट. यिरकालाच्या परिसरातील कुळांनी धिमुरू ही संस्था १९९२ सालीच स्थापिली होती. तिचे रक्षक किनाऱ्यावर वाहून आलेली बेवारस जाळी ओढून काढतात, त्यांत गुरफटलेली कासवे सोडवतात आणि पवित्र स्थळे राखतात. निकाल लागण्याच्या सोळा वर्षे आधीपासून हे काम चालू होते. हक्काचा पुरावा आपण दप्तरात शोधतो. तो रोजच्या राखणीतही असतो, हे आपल्या इतिहासकारांनी ध्यानी घ्यावे.