मावळ: मावळतीच्या आधीचे नाव

बलुचिस्तान या नावाची घडण उघड आहे. फारसीतला ‘स्तान’ हा आपल्या ‘स्थान’चाच भाऊबंद, बलोचांचे स्थान ते बलुचिस्तान. इसवी सनापूर्वी ३२५ मध्ये सिकंदर परतीच्या वाटेवर त्या मुलखातून गेला, तेव्हा ग्रीकांनी त्या मुलखाला गेड्रोसिया म्हटले. किनारपट्टीचे मकरान हे नाव आजही टिकून आहे. बलोचांचे नाव भूमीला मिळाले ते पुढे. तिथे आधी लोक आणि त्यांच्यावरून देश. पिंपरी-चिंचवडच्या पश्चिमेला सह्याद्रीपर्यंत पसरलेल्या मुलखात गोष्ट नेमकी उलटी आहे. इथे भूमी आधी. मावळात राहणारा तो मावळा. म्हणून मावळ्याचे कूळ शोधायचे तर आधी मावळचे शोधावे लागते, आणि तिथे आपण सगळे एका सोप्या उत्तरावर समाधान मानून बसलो आहोत.

ते उत्तर असे: सूर्य मावळतो ती दिशा मावळत, आणि मावळतीकडचा मुलूख तो मावळ. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरनेही या पट्ट्याची ओळख सूर्यास्ताची भूमी अशीच करून दिली, आणि शाळेपासून पर्यटनाच्या पाटीपर्यंत तोच अर्थ चालत आला. तो पटण्याजोगा आहे, कारण पुण्याहून पाहिले तर मावळ खरोखरच पश्चिमेला आहे. पण ‘पुण्याहून पाहिले तर’ या तीन शब्दांतच अडचण आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून माल घेऊन घाट चढणाऱ्याला हाच मुलूख उगवतीला लागत होता. एवढ्यावरून जुना अर्थ खोटा ठरत नाही, हे मान्य. नाव देणारे देशावरचेच असतील, असे कोणी म्हणू शकेल. जुना अर्थ खोडायला याहून पक्का पुरावा हवा, आणि तो मावळातच, कार्ल्याच्या लेण्यात दगडावर कोरलेला आहे.

सातवाहन काळातल्या, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतल्या तिथल्या एका प्राकृत लेखात वलुरकच्या, म्हणजे कार्ल्याच्याच, लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंना करजक नावाचे गाव दिल्याची राजाज्ञा आहे. हे गाव ‘मामाल’ नावाच्या आहारात, उत्तरेकडच्या मार्गावर असल्याचे ती सांगते. आहार म्हणजे त्या काळचा जिल्हा. हा मामाल म्हणजेच मावळ, असे अभ्यासकांनी ओळखले आहे. नुसत्या कानाला सारखे लागते म्हणून हे मानायचे कारण नाही. प्राकृतातून मराठी घडताना दोन स्वरांमधला ‘म’ सैल होऊन ‘व’ झाला आणि ‘ल’चा ‘ळ’ झाला. श्यामलचा सावळा झाला, कोमलचा कोवळा, आमलकाचा आवळा. मामालचा मावळ याच वाटेने आला. आणि मला सर्वांत बोलका वाटतो तो पुरावा त्याच आज्ञेत आहे: करजकला तिथे ‘गाम’ म्हटले आहे. आपण ज्याला गाव म्हणतो त्यातला ‘म’ अजून ‘व’ झालेला नाही, आणि मामालातलाही नाही. दोन्ही शब्द भाषेच्या एकाच टप्प्यावर उभे आहेत आणि पुढे एकाच रीतीने बदलले.

यावर पहिला आक्षेप असा येईल की मामाल दुसरीकडेही असू शकेल. पण लेख कार्ल्याचा, दान कार्ल्याच्या भिक्षूंना, आणि कार्ले आजही मावळ तालुक्यात आहे. एवढ्या जवळ नियमात बसणारे नाव जिवंत असताना दूरचे ठिकाण शोधायला कारण हवे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ‘मावळणे’ हे क्रियापद जुने आहे, १२९० च्या ज्ञानेश्वरीतही ते भेटते. खरे आहे, पण ज्ञानेश्वरी आणि तो लेख यांच्यात सुमारे अकराशे वर्षे आहेत. मावळणेवरून मावळ झाले असते, तर लेखात मामाल कशाला आले असते? दोन वेगळे शब्द घासत घासत एकाच रूपाला आले, आणि लोकांनी त्यांची सोयरीक जुळवली, हेच अधिक संभवते.

ही सोयरीक मात्र वांझ राहिली नाही. मामाल हे एका आहाराचे नाव. पण ‘पश्चिमेकडचा डोंगराळ मुलूख’ असा अर्थ कळू लागल्यावर ते एकेका खोऱ्याला लावणे सोपे झाले असावे. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ, आणि दक्षिणेला थेट गुंजण मावळ, हिरडस मावळ. चाकणच्या बाजूला खोऱ्यांना ‘नेर’ हा दुसराच शब्द लागतो: भामेचे भामनेर, भीमेचे भीमनेर. मग मावळा हा शब्दही भूगोलातून सुटला. शिवाजी महाराजांचा सैनिक तो मावळा, मग तो कुठल्याही खोऱ्यातला असो. आज भोसरी-चाकणच्या कारखान्यांत काम करणारा बीड-लातूरचा तरुणही शिवजयंतीला स्वतःला मावळा म्हणवतो, आणि तो चूक करत नाही.

मग व्युत्पत्तीचा एवढा खटाटोप कशाला? मावळतीचा अर्थ या मुलखाला कुणाच्या तरी परसदारी नेऊन बसवतो, म्हणून. मध्य पुण्यात आणि मावळ त्याच्या कडेला, जिथे उजेड संपतो तिथे. कार्ल्याचा लेख वेगळे चित्र दाखवतो. स्वतःचे नाव असलेला आहार, तिथला राजाचा अमात्य, जवळून जाणारा नाव घेण्याजोगा मार्ग. या मुलखाला ओळखायला पूर्वेकडच्या कुठल्या शहराची गरज पडत नव्हती. २००८ च्या पुनर्रचनेत लोकसभेचा मावळ मतदारसंघ आखला गेला. त्यात मावळ तालुक्याबरोबर पिंपरी आणि चिंचवड आले, शिवाय घाटाखालचे कर्जत, पनवेल आणि उरणही. उरणच्या किनाऱ्यावर उभे राहिले तर आता मावळ तालुका उगवतीला दिसतो, आणि तरीही नाव मावळच आहे.