गाडीवानाचे पितळ

इतिहासाच्या व्याख्यानात घोड्याच्या साजावरची पितळी पदके कशाला, असे कोणी विचारील. आम्ही शाळा लवकर सोडली. इतिहास शिकलो तो युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून. म्हणून राजमुकुटाआधी आमची नजर अशा वस्तूंकडे जाते.

इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून अवजड गाडे ओढणाऱ्या घोड्यांच्या कपाळावर आणि छातीवरच्या चामडी पट्ट्यावर तळहाताएवढी पितळी पदके लटकू लागली. सूर्य, चंद्रकोर, हृदय. १८८७ आणि १८९७ साली व्हिक्टोरिया राणीच्या महोत्सवांचीही निघाली. वॉल्सॉल आणि बर्मिंगहॅम ही त्यांची गावे. ओतीव पदकाच्या पाठीवर दोन बारीक बोंडे ठेवीत. त्यांना धरून कारागीर ते कानशीने घाशी आणि मग बोंडे काढून टाकी. पुष्कळदा खूण उरते. जाणता संग्राहक पदक हाती आले की आधी ते उलटे करतो. पुढे पत्र्यावर ठसा मारून काढलेला हलका, स्वस्त माल आला.

विसाव्या शतकात संग्रहाचा छंद वाढला तेव्हा कित्येकांनी लिहिले की हे दृष्ट लागू नये म्हणून बांधलेले प्राचीन ताईत. आपल्याला हे पटकन पटते. आपणही बैलाच्या गळ्यात काळा दोरा बांधतोच. पण त्या काळच्या गाडीवानांच्या मनात तसे होते याला पुरावा तुटपुंजा आहे. दिसतो तो कारखान्याचा माल, आणि मिरवण्याची हौस.

आणि ही हौस कोणाची? घोडा मालकाचा, गाडा मालकाचा. पदके मात्र पुष्कळदा गाडीवानाने पदरच्या पैशाने घेतलेली. नोकरी सुटली की ती तो बरोबर नेई. ती घासायची तीही स्वतःच्या वेळात. आमचा एक सोबती म्हणाला, ‘म्हणजे मालकाच्या घोड्याला फुकट नटवले!’ आम्ही ओव्हरटाइमचे हिशेब वर्षानुवर्षे मांडले, पण हा हिशेब आम्हाला तसा मांडवत नाही. त्या अख्ख्या गाड्यात त्याच्या मालकीचे एवढेच होते.

लंडनमध्ये १८८५ च्या सुमारास ओझ्याच्या घोड्यांच्या मिरवणुकीसाठी संस्था निघाली, घोड्यांची निगा सुधारावी म्हणून. पुढे चांगल्या निगेबद्दल गाडीवानांना पितळी पदके मिळू लागली.

मग मोटारलॉरी आली. घोडे गेले, पदके दारूच्या गुत्त्यांच्या भिंतींवर चढली. शोभेसाठी नव्या नकलाही निघाल्या. त्यांच्यावर झीजसुद्धा कानशीने आणलेली असते. अस्सल कोणते हे पाहायचे, तर खिळ्यावरून काढून उलटे करावे लागते.