प्रतिपिंडाची साक्ष

काही वर्षांपूर्वी माझ्या मावसबहिणीच्या स्तनातील गाठीचे दोन अहवाल माझ्या हाती आले. गाठ एकच. एका अहवालात इस्ट्रोजेन-ग्राही ‘निगेटिव्ह’, दुसऱ्यात ‘पॉझिटिव्ह’. घरात जुने कागद वाचणारी व्यक्ती मीच, म्हणून ते इथे संभाजीनगरला माझ्याकडे आले. दोन दप्तरे एकमेकांना खोटे पाडतात तेव्हा इतिहासाचा अभ्यासक विचारतो : साक्षीदार कोण, त्याने काय पाहिले आणि कोणत्या स्थितीत पाहिले? येथेही तेच विचारायचे होते. फरक एवढाच की, ताईला पुढची पाच वर्षे टॅमॉक्सिफेन द्यायचे की नाही, हे या निवाड्यावर ठरणार होते.

येथला साक्षीदार म्हणजे एक प्रतिपिंड. त्याचा इतिहास सांगण्याजोगा आहे.

स्तनाच्या कर्करोगाचा संप्रेरकांशी संबंध आहे, हे १८९६ साली ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन यांनी दाखवले. बीजांडकोश काढल्यावर काही स्त्रियांच्या गाठी आकसल्या. काहींच्याच का, हे मात्र कळेना. आपल्याकडे मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांच्या शिष्या, पुण्याच्या कमल रणदिवे, यांनी उंदरांवर दीर्घ काळ काम करून स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचे नाते तपासले. पेशी शरीराबाहेर वाढवणारी प्रयोगशाळाही त्यांनी मुंबईत उभारली. संप्रेरकाचा निरोप पेशीत नेमके कोण घेते, याचा शोध त्याच सुमारास शिकागोत चालू होता. १९५०च्या दशकाच्या अखेरीस एलवुड जेन्सन यांनी किरणोत्सारी इस्ट्रोजेन उंदरांना टोचून पाहिले. ते गर्भाशयासारख्या मोजक्या अवयवांतच टिकून राहिले. तेथे त्याला धरून ठेवणारे प्रथिन होते. तेच ग्राही. ज्या गाठीत ग्राही मुबलक, तीच बहुधा संप्रेरक-उपचाराला दाद देते, हेही पुढे स्पष्ट झाले.

मात्र ग्राही मोजण्याची ही रीत मोठ्या शहरांपुरतीच होती. गाठीचा बराचसा ताजा तुकडा लगेच गोठवायचा, दळायचा, किरणोत्सारी संप्रेरकात मिसळून मोजायचा. जिल्ह्याच्या गावी हे कोण करणार?

उत्तर प्रतिपिंडाने दिले. प्राण्याच्या अंगात परके प्रथिन टोचले की त्याचे शरीर त्या प्रथिनाला अचूक पकडणारी प्रतिपिंडे बनवते. परळच्या हाफकिन संस्थेत घोड्यांपासून सर्पदंशाची लस याच तत्त्वावर तयार होत आली. १९७५ साली कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच पेशीच्या वंशातून एकसारखी प्रतिपिंडे हवी तितकी मिळवण्याची युक्ती शोधली. जेन्सन यांचे सहकारी जेफ्री ग्रीन यांनी १९७७ मध्ये सशांपासून ग्राहीविरोधी प्रतिपिंड मिळवले होते. १९८० मध्ये त्यांनी नव्या युक्तीने मानवी ग्राहीविरुद्ध एकजिनसी प्रतिपिंडे तयार केली. त्यासाठी लागलेले ग्राही एमसीएफ-७ या पेशीवंशातून घेतले होते. स्तनाच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका अमेरिकन जोगिणीच्या शरीरातून तो वंश सुरू झाला होता. १९८४ मध्ये याच प्रतिपिंडांनी दाखवले की ग्राही पेशीच्या केंद्रकात असते.

सुरुवातीला यालाही गोठवलेला तुकडाच लागे. फॉर्मॅलिनमध्ये मुरवून मेणात बसवलेल्या तुकड्यात प्रथिने एकमेकांना जखडली जातात आणि प्रतिपिंडाला ग्राही सापडत नाही. १९९१ मध्ये मेणातले काप उष्णता देऊन ‘उघडण्याची’ रीत आली आणि पुढे अनेक प्रयोगशाळांत ते काम स्वयंपाकघरातल्या प्रेशर कुकरने केले! आता मेणाची वडी कुरिअरने कुठेही पाठवता येऊ लागली. प्रतिपिंड चिकटले की केंद्रक तपकिरी दिसते. नाहीतर फिकट निळे राहते.

परंतु ‘तपकिरी दिसले नाही’ म्हणजे ‘ग्राही नाही’ असे होत नाही. टाटा रुग्णालयातील ७९८ गाठींच्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जेमतेम एक तृतीयांश गाठी इस्ट्रोजेन-ग्राही पॉझिटिव्ह होत्या. भारतीय स्त्रियांच्या गाठी वेगळ्याच, असा समज त्या काळात दृढ होता. २००९ मध्ये त्याच संस्थेतून नंतरच्या वर्षांचा आढावा आला, तेव्हा संप्रेरक-ग्राही असलेल्या गाठींचे प्रमाण निम्म्याहून अधिक निघाले. एवढ्या थोड्या काळात देशातील स्त्रियांची शरीरे बदलत नसतात. तुकडा कसा मुरवला, रेषा कुठे ओढली, यावर आकडा हलतो.

उलट चूकही घडते. १९९६ मध्ये इस्ट्रोजेनचे दुसरे ग्राही, ‘बीटा’, सापडले आणि त्याच्या प्रतिपिंडांवर दोन दशके शोधनिबंध निघत राहिले. २०१७ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी १३ प्रतिपिंडे पारखली. भरवशाचे एकच ठरले. बाकीच्यांच्या साक्षीवर रचलेले निष्कर्ष आता पुन्हा तपासावे लागत आहेत.

ताईच्या अहवालांचा उलगडा एका ज्येष्ठ पॅथॉलॉजिस्टनी केला. त्यांनी पहिली काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि गाठ सोडून शेजारच्या निरोगी दुग्धनलिका पाहिल्या. निरोगी नलिकेतल्या काही पेशींत ग्राही असतेच. त्या तपकिरी दिसायलाच हव्यात. त्याही फिकट होत्या. “साक्षीदार झोपलेला होता,” ते म्हणाले. चौकशीत कळले की शस्त्रक्रियेनंतर अख्खी गाठ न चिरता छोट्या बाटलीत, थोड्या फॉर्मॅलिनमध्ये, रात्रभर प्रवास करून गेली होती. आतपर्यंत औषध पोचलेच नव्हते. त्यांच्या सांगण्यावरून आधीच्या सुईतपासणीची वडी शोधून तिच्यावर चाचणी झाली, तोच दुसरा अहवाल.

ताई आज औषधाची पाच वर्षे पूर्ण करून शेतात जाते. ‘निगेटिव्ह’ लिहिलेला असा कागद कोणाच्या हाती आला, तर एक प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा : शेजारच्या निरोगी नलिका तपकिरी झाल्या होत्या का?