बॉम्बे ग्रुप आणि हरवलेली साखर

आमच्या पडेगावात रक्तदान शिबिर असो की पुण्याच्या आयटी पार्कात, कार्डावर गट चारांपैकीच एक येतो: ए, बी, एबी नाहीतर ओ. या चारांत न बसणारं रक्त पहिल्यांदा सापडलं ते आपल्या मुंबईत. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये त्याची नोंद केली. नाव पडलं बॉम्बे ग्रुप. १९९५ मध्ये शहराचं नाव बदललं, ग्रुपचं तेच राहिलं.

आता गंमत बघा. रक्तगट म्हणजे लाल पेशींवर चिकटलेल्या साखरेच्या साखळ्या. ओ गटात साखळीच्या टोकाला फ्युकोज नावाची साखर असते. ए आणि बी त्याच पायावर आणखी एकेक साखर चढवतात. बॉम्बे ग्रुपमध्ये हे फ्युकोजच बसत नाही. साध्या तपासणीत असं रक्त 'ओ' दिसतं, पण या माणसाला ओ गटाचं रक्त दिलं तर जिवावर बेततं. एरवी मात्र तो ठणठणीत असतो.

गोष्ट इथेच संपली असती. पण १९९२ मध्ये इस्रायलमधल्या आमोस एट्झिओनी आणि सहकाऱ्यांनी दोन मुलांबद्दल लिहिलं. सारखे जंतुसंसर्ग, रक्तात पांढऱ्या पेशी भरमसाट, तरी जखमेत पू नाही. वाढही खुंटलेली. आणि दोघांचा रक्तगट? बॉम्बे!

हाच धागा होता. जंतू शिरले की तिथल्या रक्तवाहिनीच्या भिंतीवर सिलेक्टिन नावाची प्रथिनं येतात. वाहत्या पांढऱ्या पेशीला ती धरतात, तिचा वेग कमी होतो, मग ती भिंतीला घट्ट चिकटते आणि बाहेर पडून जंतूंवर तुटून पडते. पण सिलेक्टिन धरतं ते पेशीवरच्या प्रथिनाला जोडलेल्या साखरेला, आणि त्या साखरेत फ्युकोज लागतं. प्रथिन शाबूत, साखर गायब, की पकड सुटली. सैन्य तयार, पण रक्तातच फिरत बसलेलं.

मग मुंबईची माणसं धडधाकट कशी? आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांच्यात एकच फंक्शन बिघडलेलं असतं. या मुलांत अख्खी लायब्ररीच लोड होत नव्हती. २००१ मध्ये दोन संशोधकगटांनी दोष शोधला: पेशीतल्या साखर जोडण्याच्या कारखान्यात फ्युकोज पोचवणारं वाहक प्रथिनच नादुरुस्त होतं.

त्याआधीच, १९९९ मध्ये, जर्मनीतल्या डॉक्टरांनी अशा एका बाळाला तोंडाने फ्युकोज देऊन पाहिलं होतं. संसर्ग थांबले, पांढऱ्या पेशींचा आकडा खाली आला. एट्झिओनींच्या रुग्णांना मात्र तो उपाय लागू पडला नाही. आजार तोच, पण वाहकातला बिघाड वेगळा.