नवजात शिशूंचे प्राणरक्षण : श्वसनयंत्र आणि यत्नाचार

जैन परंपरेत दानाचे चार प्रकार सांगितले आहेत : आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. समाजाने ठिकठिकाणी उभारलेल्या धर्मादाय दवाखान्यांमागे औषधदानाची प्रेरणा आहे. नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागास व्हेंटिलेटर, म्हणजे कृत्रिम श्वसनयंत्र, देणे हेही त्याच परंपरेतील दान होय. या यंत्राने असंख्य बालकांचे प्राण वाचविले. परंतु त्याच्याच नळीवाटे एक नवा आजार बालकांच्या फुफ्फुसांपर्यंत पोहोचला. तो रोखण्याच्या प्रयत्नांचा इतिहास दात्यांनी व कार्यकर्त्यांनी जाणून घेण्यासारखा आहे.

पेटीपासून श्वसनयंत्रापर्यंत

सन १८८० च्या सुमारास पॅरिस येथील प्रसूतितज्ज्ञ डॉ. स्तेफान तार्निए यांनी कोंबडीची अंडी उबविण्याच्या यंत्रावरून अपुऱ्या दिवसांच्या बालकांसाठी उबदार पेटी तयार करवून घेतली. तिच्या वापरानंतर दोन किलोंहून कमी वजनाच्या बालकांच्या मृत्यूचे प्रमाण ६६ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आले. मात्र पेटीने ऊब मिळाली तरी अपक्व फुफ्फुसांचा प्रश्न सुटला नाही. फुफ्फुसांतील सूक्ष्म वायुकोश उघडे ठेवणारा ‘सर्फॅक्टंट’ हा पदार्थ अशा बालकांत पुरेसा नसतो, हे डॉ. मेरी एलन एव्हरी व डॉ. जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा पुत्र पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि याच विकाराने अवघ्या ३९ तासांत मरण पावला. राष्ट्राध्यक्षाच्या घरीही त्या काळी यावर इलाज नव्हता.

त्याच दशकात नवजात बालकांना श्वसनयंत्रावर ठेवून वाचविण्यात यश येऊ लागले. १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. जॉर्ज ग्रेगरी यांनी सौम्य दाबाची हवा सतत देण्याची ‘सीपॅप’ पद्धत प्रसिद्ध केली. त्यांच्या वीसपैकी सोळा बालके वाचली. १९८० मध्ये जपानमधील डॉ. फुजिवारा यांनी सर्फॅक्टंट औषधरूपाने फुफ्फुसांत सोडण्याचा यशस्वी प्रयोग केला.

नळीवाटे येणारा आजार

निरोगी मनुष्याच्या नाकात व घशात जंतूंना अडविण्याची निसर्गदत्त व्यवस्था असते. श्वासनलिकेत घातलेली नळी ही व्यवस्था ओलांडून थेट आत जाते. तोंडातील लाळ व जठरातून वर आलेला द्रव नळीच्या कडेने खाली झिरपतो, नळीच्या आतल्या बाजूस जंतूंचा चिकट थर जमतो आणि यंत्राच्या नळ्यांत साचलेले पाणीही जंतूंचे आश्रयस्थान बनते. यंत्र लावल्यानंतर ४८ तास उलटून जो न्यूमोनिया उद्भवतो, त्याला व्हेंटिलेटरजन्य न्यूमोनिया म्हणतात. हजार-बाराशे ग्रॅम वजनाच्या बालकाची प्रतिकारशक्ती अत्यल्प असल्याने हा आजार त्याच्या जिवावर बेततो. बचावल्यास यंत्रावरील मुक्काम लांबतो आणि पुन्हा संसर्गाचे भय वाढते.

प्रतिबंधाची वाटचाल

या प्रतिबंधाचा पाया यंत्राच्या शंभर वर्षे आधी घातला गेला होता. १८४७ मध्ये व्हिएन्ना येथे डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी प्रसूतिकक्षात येणाऱ्या वैद्यांना क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेला मातांचा मृत्युदर जूनमध्ये सुमारे दोन टक्क्यांवर आला. तरीही समकालीनांनी त्यांची उपेक्षाच केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत हात स्वच्छ करण्याचे पाच प्रसंग सांगितले गेले, तेव्हाही मूळ तत्त्व सेमेलवाइस यांचेच होते.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत अनेक साध्या दक्षता एकत्र बांधून त्या रोज न चुकता पाळण्याची पद्धत रूढ झाली. ती प्रथम प्रौढ रुग्णांसाठी होती. पुढे नवजात बालकांसाठी तिच्यात बदल करावे लागले. प्रौढांच्या तोंडाच्या स्वच्छतेसाठी वापरलेले जंतुनाशक कोवळ्या बालकांसाठी योग्य नव्हे. २०२२ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञ संस्थांनी नव्याने दिलेल्या सूचनांत पुढील गोष्टींवर भर आहे : शक्य तेथे नळी न घालता सीपॅपसारखे उपाय योजावेत, नळी घातलीच तर ती काढता येईल का, याचा दररोज विचार करावा, बालकाचे तोंड निर्जंतुक पाण्याने स्वच्छ ठेवावे, यंत्राच्या नळ्या विनाकारण न बदलता, मळलेल्या दिसतील तेव्हाच बदलाव्यात, आणि केवळ खबरदारी म्हणून प्रतिजैविके देऊ नयेत.

शेवटची सूचना भारताच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांतील नवजात बालकांच्या रक्तसंसर्गाचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्वाधिक आढळलेला जंतू ‘ॲसिनेटोबॅक्टर’ हा होता आणि त्याचे बहुतांश नमुने अनेक प्रतिजैविकांना दाद देत नव्हते. औषध निष्प्रभ ठरू लागल्यावर प्रतिबंधाचे मोल वेगळे सांगावयास नको.

महाराष्ट्रातही या दृष्टीचे एक उज्ज्वल उदाहरण आहे. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी नवजात बालकांना संसर्गापासून वाचविण्यासाठी मातेच्या दुधाचा आग्रह धरला आणि १९८९ मध्ये तेथे आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. मातेच्या दुधातील रोगप्रतिकारक द्रव्यांची बरोबरी कोणतेही कृत्रिम दूध करू शकत नाही.

यत्नाचाराचे महत्त्व

जैन मुनींच्या पाच समित्यांमध्ये आदान-निक्षेपण समिती आहे. कोणतीही वस्तू उचलताना व ठेवताना जीवाला इजा होऊ नये म्हणून पाळावयाची ती सावधता होय. अतिदक्षता विभागातील परिचारिका नळी हाताळण्यापूर्वी हात धुते, साचलेले पाणी बालकाकडे वाहू न देता काढून टाकते, तेव्हा तिच्या हातून असाच यत्नाचार घडत असतो. मध्यरात्री, कोणी पाहत नसतानाही तो ढळू न देणे यालाच अप्रमाद म्हणावे.

म्हणून श्वसनयंत्र देणाऱ्या दात्याने त्यासोबत हात धुण्याची पुरेशी सोय, प्रशिक्षित परिचारिकांची पुरेशी संख्या आणि मातांना बालकाजवळ राहण्यासाठी जागा यांचाही विचार करावा. यंत्राची किंमत एकदाच मोजावी लागते. दक्षतेचा खर्च मात्र वर्षानुवर्षे चालू राहतो आणि देणगीच्या फलकावर तो सहसा दिसत नाही. तो उचलणाऱ्या दात्याचे औषधदान त्या चिमुकल्या जीवांच्या बाबतीत अभयदानही ठरेल.